आडवी डोलकाठी

कॉलेजच्या फाटकाशी स्कूटर वळवता वळवता उर्वशीला भिंतीच्या वर डोलकाठी दिसली, उभी, आणि तिचा हात ब्रेकवर असा काही बसला की मागून येणाऱ्या दूधवाल्यानं तिला शिवी घातली. शिवी ऐकू आली पण लागली नाही. डोलकाठी उभी दिसायलाच नको होती. काल संध्याकाळी तिनं ती स्वतःच्या हातानं उतरवून होडीवर आडवी बांधली होती, आणि घरी जाऊन नवऱ्याला, आदेशला, जेवताना सांगितलंही होतं की बांधलंय असं की खड्ड्यातून गेलं तरी हलणार नाही. आदेश म्हणाला होता, बरं झालं. आता भिंतीवरून, कडुलिंबाच्या शेंड्याच्याही वरून, ती ॲल्युमिनियमची काठी सकाळच्या उन्हात चमकत होती आणि तिच्या टोकाला कुणीतरी भगव्या-पिवळ्या पताका बांधल्या होत्या. उर्वशीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बांधलेलं सोडलं. न विचारता. आपण बांधलेलं नेमकं आपण घरी गेल्यावरच सोडायचं सुचतं कसं या लोकांना, हे तिला खरोखर कळत नव्हतं.

काल दुपारपासून ती त्या होडीशी झटत होती. होडी लहानशी, दोन माणसांची, शिडाची. नागपूरच्या एका क्लबानं जुनी झाली म्हणून काढून टाकलेली आणि संस्थेनं मोठ्या हौसेनं चंद्रपूरला आणलेली. उर्वशी इथे खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत ती शिडाची होडी चालवायला शिकली होती, म्हणून होडी तिच्या गळ्यात. यंदा शिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला, वैनगंगेच्या पात्रात, संस्थेचं नाव लिहिलेलं शीड फिरवून दाखवायचं असं सचिव भैयाजींनी ठरवलं होतं. ठरवणं सोपं. होडी पाण्यात शहाणी असते, रस्त्यावर येडी होते, असं तिचे नागपूरचे उस्ताद सांगायचे. म्हणून तिनं सुकाणू काढून वेगळं ठेवलं, आतलं सगळं सुटं सामान उपसलं, होडीचं नाक ट्रेलरच्या खुंटीला दोरानं खेचून धरलं, आणि मग आडवा खटक्याचा पट्टा टाकला. पट्टा टाकताना त्याला मध्ये एक पीळ द्यायचा, नाहीतर वाऱ्यात तो घुमतो आणि घुमता घुमता सैल होतो. जिथे पट्टा होडीच्या कडेला घासणार तिथे तिनं सायकलची जुनी ट्यूब कापून घातली. मग डोलकाठी उतरवली, मागेपुढे दोन लाकडी घोड्यांवर ठेवली, ओरखडे पडू नयेत म्हणून घरच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळली आणि जागोजागी सुतळीनं आवळली. प्रत्येक खटक्याला पट्टा ताणला जायचा तेव्हा तळहाताला बरं वाटायचं. इतकं बरं तिला अलीकडे कशानंच वाटलं नव्हतं. कोळशाची बारीक भुकटी होडीच्या अंगावर बसली होती, तीसुद्धा तिनं पुसून काढली होती.

शेडसमोर जीपला ट्रेलर जोडून तयार होता. भैयाजी पांढऱ्या कपड्यांत, त्यांची बायको आशाबाई पूजेचं ताट घेऊन, त्यांचा मुलगा प्रवीण जीपच्या दाराला टेकून मोबाइल बघत. आणि होडीत, उभ्या डोलकाठीला एका हातानं धरून, कॉलेजचा शिपाई दसरू. त्याच्या दुसऱ्या हातात लांब बांबू, टोकाला दोन फाट्यांचं दुबेळकं. बांबू नुकताच तोडलेला, हिरवा, पेरांवर अजून चकाकी. उर्वशीनं ते दुबेळकं पाहिलं आणि तिला सगळं एकदम समजलं. हा बांबू कशासाठी असतो ते या भागात वाढलेल्या कुणालाही विचारायची गरज नाही. रस्त्यावर वीजतारा आल्या की हा माणूस बांबूनं तार वर उचलणार, काठी खालून जाणार, आणि गाडी पुढे. चंद्रपूरपासून मूल, सावली, गडचिरोली, चामोर्शी करत थेट मार्कंड्यापर्यंत.

“म्याडम, रागावू नका,” भैयाजी स्वतःहूनच म्हणाले, म्हणजे राग येणार हे त्यांना ठाऊक होतं. “रातच्याले घरचे आले होते पाह्याले. त्याहीले धस्सच झालं. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं, लांबच्या लांब. वरून म्या सकाळसाठी झेंडूचे हार आणून त्याच्यावरच ठेवून देल्ले होते. तुमीच सांगा, कसं दिसत असन ते.”

“तिरडी,” आशाबाई सरळ म्हणाल्या. “देवाच्या दारी तिरडी घेऊन जाता का बाई? रस्त्यानं लोकं गाड्या बाजूले घेऊन हात जोडतीन.”

खोटं कशाला सांगा, उर्वशीला ते चित्र डोळ्यांसमोर दिसलं आणि हसू आलं. शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली ती पांढरी लांब गुंडाळी, वर झेंडू. दिसतच होती तशी. आपल्याला कसं सुचलं नाही? आणि ते हसू तोंडापर्यंत येण्याआधीच आतून संताप वर आला आणि हसू गिळून बसला. चादर बदलायची की. फुलांची घ्यायची, हिरवी घ्यायची, फोन करून विचारायचं, म्याडम, हे जरा बरं दिसत नाही, काय करू? पण नाही. चादर बदलण्याऐवजी यांनी काठी उभी केली. ती उभी करायला आडवा पट्टा सोडला. बाजूच्या पोलादी तारा कुठे अडकवायच्या ते माहीत नाही, म्हणून नायलॉनच्या दोरानं कशीबशी बांधली, बैलबंडीवर कडबा बांधतात तशी. तिनं कडेला हात लावला आणि होडी ट्रेलरवर हलली. नुसत्या हातानं हलली. सायकलच्या ट्यूबचे तिनं कापलेले तुकडे जमिनीवर पडले होते, त्यातल्या एकावर कुणाचा तरी चपलेचा ठसा.

तिची सगळी कामं अशीच होत आली होती, हे तिला तिथे उभ्या उभ्या, नको असताना आठवत गेलं. तिनं मळलेली कणीक सासू पुन्हा मळायची. तिनं मैदानावर आखलेली चुन्याची रेघ भैयाजींचा कुणीतरी पाहुणा येणार म्हणून दुसरीकडे सरकायची. स्टाफरूममध्ये तिनं लावलेल्या खुर्च्या कुणी ना कुणी पुन्हा लावायचं. यात कुणाचा दुष्टावा नसायचा, हेच जास्त चीड आणणारं होतं. लोक प्रेमानं, हसत हसत, तिचं केलेलं उलगडायचे आणि वर म्हणायचे, तुम्ही कशाला त्रास घेता. आदेश म्हणायचा, जाऊ दे ना. जाऊ दे या शब्दावर त्यांचा संसार चौदा वर्षं चालला होता आणि तो चांगला चालला होता, असंही लोक म्हणत. कणीक पुन्हा मळली तर पोळी होते. रेघ सरकली तर मुलं तिकडे धावतात. पण इथे वर एक माणूस उभा होता.

दसरू तिच्याकडे बघून हसला. चाळिशी ओलांडलेला, धानोऱ्याकडचा गोंड, अंगानं सडसडीत. “हलका हाय, होडीले वजन नाई होत,” भैयाजींनी त्याची निवड समजावून सांगितली. बरोबर आहे. हलकाच असतो तो. तिला माहेरच्या कुरखेड्याची शारदा आठवली. नवरात्रात ट्रॅक्टरवर देवी उभी करून गावातून काढायचे, देवीचा मुकुट उंच, आणि देवीच्या मागे पाट्यावर चैतू उभा, हातात असाच दुबेळक्याचा बांबू. सगळं गाव देवीकडे बघायचं. लहान उर्वशी चैतूकडे बघायची, कारण तो एकटाच देवीकडे बघत नसायचा. त्याची मान मागे पडलेली, नजर तारांवर. तार आली की तो बांबू लावायचा, हलकेच उचलायचा, मुकुट खालून सरकायचा आणि ढोलकी पुन्हा सुरू व्हायची. त्याला काही झालं नाही. कधीच काही झालं नाही. गावाची पक्की समजूत झाली की बांबूनं तार उचलली म्हणजे वीज लागत नाही. खरं म्हणजे तिचे वडील गुणवंतराव तेव्हा वीज मंडळात लाईनमन. मिरवणूक निघायच्या आधी ते गावाबाहेरच्या डीपीवर जाऊन लाईन बंद करायचे आणि कुणी मधेच येऊन चालू करू नये म्हणून मिरवणूक संपेपर्यंत तिथेच बसून राहायचे. इतक्या वर्षांत त्यांनी शारदेची मिरवणूक पाहिली नाही. चैतूला वाचवलं ते बंद लाईनीनं, नाव झालं बांबूचं. ते नाव आज इथवर येऊन पोचलं होतं, हिरवं, ओलं, आणि या रस्त्यावर गावातल्या बारक्या तारा नव्हत्या, रानातून जाणारी अकरा हजार व्होल्टची लाईन होती. ती कोण बंद करून बसणार होतं?

“भैयाजी, ही काठी ॲल्युमिनियमची आहे,” ती म्हणाली. आवाज शांत ठेवायचा तिनं प्रयत्न केला, कारण आवाज चढला की बाई चिडली एवढंच ऐकलं जातं. “मोठ्या लाईनीला टेकायचीही गरज नाही. नुसती जवळ गेली तरी वीज उडी मारते. होडी, ट्रेलर, जीप, सगळ्यात उतरेल. आणि काठी हातात धरून दसरूभाऊ उभे. ते जागच्या जागी जातील.”

“टायर रबरचे हायेत ना,” प्रवीण म्हणाला.

“हळू नेतो ना म्याडम,” भैयाजी म्हणाले. “दसरू हुशार हाय. शारदेच्या वेळेस दरसाल तोच राह्यते वर. काऊन रे दसरू?”

“हो जी,” दसरू वरून म्हणाला.

बघा, हे असं असतं. माणूस हो म्हणतो. त्याला हो म्हणायची इतकी सवय असते की प्रश्न पुरा व्हायच्या आत हो येतं. त्यावर मग बाकीचे सगळे निवांत होतात, जसं काही त्यानं अर्ज करून ही जागा मागितली होती. उर्वशीला त्या हो जीचासुद्धा राग आला. तिला वाटलं सरळ वर चढावं आणि काठी उपटून काढावी. पण डोलकाठी एकट्यानं उतरत नाही. एकानं बुडाशी धरायचं, एकानं तारेनं हळूहळू सोडायचं, आणि इथे तिचं ऐकणारा एकही हात नव्हता. फोन करावा का कुणाला? प्राचार्य भैयाजींच्या शब्दाबाहेर नाहीत. पोलिसांना काय सांगायचं, की एक काठी उभी आहे? आदेशला केला असता तर तो काय म्हणाला असता ते तिला पाठ होतं. आणि ती बाजूला होऊन घरी गेली असती तरी हे लोक निघालेच असते. दुपारपर्यंत कुठल्यातरी वळणावर, मोहाच्या झाडाखाली, दसरू पडलेला असता. सुकरीला, त्याच्या बायकोला, कुणीतरी फोन केला असता. आणि संध्याकाळी भैयाजींनी हळहळून म्हटलं असतं, नशीब. नशीब हा शब्द तिला आत्ताच ऐकू येत होता. तो ऐकूनच तिचं डोकं फिरलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “जाऊ या. फक्त एक बदल. दसरूभाऊंना जीप चालवता येते. ते खाली येऊन गाडी चालवतील. वर बांबू घेऊन प्रवीण उभा राहील.”

प्रवीणनं मोबाइल खिशात घातला आणि डोलकाठीच्या टोकाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं असावं. भैयाजी हसले, मग हसणं आवरलं, मग पुन्हा थोडं हसले. “म्याडम, तुमी बी. प्रवीणले कुठी सवय हाय.”

“सवय कशाची लागते? तुम्हीच म्हणालात हळू नेणार. टायर रबराचे आहेत. प्रवीणही काही जाड नाही.”

“त्याचं काम हाय का ते?”

“मग कुणाचं काम आहे, भैयाजी? सांगा ना.”

भैयाजींचा चेहरा लाल व्हायला लागला होता. आशाबाईंनी पूजेचं ताट जीपच्या बॉनेटवर ठेवलं, इतक्या जोरात की कुंकू सांडलं. “माया पोरगा नाई चढनार,” त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग नवऱ्याकडे न बघता, “उतरवा तो खांब. तिरडी तं तिरडी.”

आणि झालं. इतकं सोपं होतं ते. प्रवीण स्वतःच धावत आला, बुडाशी धरायला. दसरूनं बांबू खाली टाकला. उर्वशीनं नायलॉनचे दोर सोडले, काठीची पोलादी तार हातात घेतली, आणि काठी हळूहळू, कुरकुरत, लाकडी घोड्यांवर आडवी झाली. जीपच्या सीटवरची फुलाफुलांची चादर आशाबाईंनी काढून दिली आणि काठी तिच्यात गुंडाळली. आता ती कुणाच्या लग्नातल्या सतरंजीच्या गुंडाळीसारखी दिसत होती. मागच्या टोकाला लाल फडकं. नाक पुन्हा खुंटीशी खेचलं. ट्यूबचे तुकडे उचलून, झटकून, पुन्हा जागी बसवले. पट्टा, पीळ, खटका, खटका, खटका. पण कालचं ते बरं वाटणं आज तळहातात येत नव्हतं. ती जिंकली होती आणि तिला किळस येत होती. वीज कशी उडी मारते ते तिनं सांगितलं, ते कुणाला पटलं नाही. माणूस मरेल हे सांगितलं, तेही नाही. दसरूच्या जागी प्रवीण ठेवला तेव्हा क्षणात सगळ्यांना वीज समजली. याचा अर्थ तिथे सगळ्यांना आधीपासूनच समजत होती, थोडीथोडी, आणि तरी. हे तरी तिच्याशिवाय कुणालाच ऐकू आलेलं दिसत नव्हतं. भैयाजी आता बॉनेटवर नारळ फोडत होते, प्रवीण सेल्फी काढत होता. दसरू ट्रेलरची साखळी हुकाच्या गोळ्याखालून घेऊन अडकवत होता, तिनं दाखवली तशी, आणि त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं.

गाव सुटलं. जीपमध्ये पुढे प्रवीण आणि भैयाजी, मध्ये आशाबाई आणि ती, मागच्या बाकावर होडीकडे तोंड करून दसरू. गाणी लागली. दोन्ही बाजूंना सागाची पानगळ झालेली, उन्हाला अजून धार नव्हती. उर्वशी पुन्हा पुन्हा मागे वळून पट्ट्याकडे बघत होती आणि दर वेळी तिच्या आणि पट्ट्याच्या मध्ये दसरूची पाठ यायची, ताठ, गाडी उसळली तरी ताठ. तिला त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं. काय, ते ठरत नव्हतं. वाचलात असं म्हणायचं? माफ करा म्हणायचं? सकाळभर तो वर उभा होता आणि त्याच्याबद्दल सगळे त्याच्यासमोर बोलत होते, तीही. जागच्या जागी जातील, असं ती खुशाल म्हणाली होती, मीठ जास्त झालंय म्हणावं तसं. तिला स्वतःचाही राग यायला लागला, पण आजच्या दिवसात त्याला रांगेत बरंच मागे उभं राहावं लागणार होतं.

रान लागल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. नवीन बांधलेलं थोडं अंतर चाललं की अंग सोडतं. एकदा उतरून सगळं तपासायचं, हा नियम. भैयाजी कुरकुरले, पण उतरले, पाय मोकळे करायला. पट्टा खरंच बोटभर सैल झाला होता. दसरू ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढला आणि नाकाकडचा दोर ओढून बघू लागला. तिनं खटका दाबला. तेव्हा तिला दिसलं की तो ओढायचा थांबलाय. त्याची मान मागे गेली होती. रस्ता ओलांडून लाईन जात होती, दोन खांबांमध्ये चांगलीच झोळ पडलेली, आणि वारा नसतानाही तिच्यातून बारीक गुणगुण येत होती. तारा उंच नव्हत्या. होडीवर काठी उभी असती तर कुठवर आली असती हे सांगायला कुणी शिक्षक लागला नसता. दसरू बराच वेळ वर बघत राहिला. मग खाली उतरला, हात पँटला पुसले आणि भैयाजींसमोर जाऊन उभा राहिला. नेहमी उभा राहायचा त्यापेक्षा जवळ.

“भैयाजी, प्रवीणभाऊले काऊन नाई चढवलं?”

भैयाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग उर्वशीकडे. जणू तिनंच शिकवून पाठवलं होतं. “अरे, आता उतरवला ना खांब. झालं गेलं ते.”

“ते नाई इचारलं जी.”

“मंग काय इचारून राह्यला?”

“मले चढवलं. सकाळपासून वरच होतो. त्याहीचं नाव निघालं तं खांब उतरवला.” आवाज चढला नव्हता. “मायं नाव होतं तवा काऊन नाई उतरवला?”

आशाबाईंनी जीपची काच वर केली. प्रवीण झाडांकडे बघू लागला. उर्वशीच्या ओठांवर उत्तर तयार होतं, पुरं, धारदार, सकाळपासून घासून ठेवलेलं. त्याच्या वतीनं ते बोलायला तिनं तोंड उघडलं आणि दसरूनं तिच्याकडे न बघता हात थोडा वर केला. ती एक पाऊल मागे सरली. पट्ट्याचं टोक तिच्या मुठीत होतं.

भैयाजींनी खिशातून खर्र्याची, सुपारी-तंबाखूची पुडी काढली, उलगडली आणि त्याच्यापुढे धरली. “घे बाबा. खाय अन् चाल, उशीर होते.”

दसरूचे दोन्ही हात खालीच होते.

“खर्रा मंग खाऊ,” तो म्हणाला. “पयले सांगा.”